गुडघा बदललेल्यांचे अनुभव: कुणाचं ऐकायचं आणि काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६६, दोन्ही गुडघे झिजलेत, बदलायला सांगितलेत. ज्या सर्जनकडे जायचं ठरतंय त्यांच्याबद्दल सोसायटीतल्या काकू म्हणतात, "तिसऱ्या दिवशी चालायला लागले, देवमाणूस आहे." मामांच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, "वर्ष झालं तरी दुखतंय, पैसे पाण्यात गेले." ऑनलाइन बघावं तर पाचपैकी पाच तारे. विश्वास ठेवायचा कुणावर? आणि दोन्ही गुडघे एकदम करावेत का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत घरोघर जाऊन व्यायाम घेते. ऑपरेशन पुण्यात होवो, मुंबईत की कराडला, टाके निघायच्या सुमारास पेशंट आमच्या हाती येतो आणि पुढचे दोन-तीन महिने सर्जनपेक्षा आम्हीच त्याला जास्त बघतो. त्यामुळे एकाच सर्जनचे बरेच गुडघे आणि बऱ्याच सर्जनचे गुडघे, दोन्ही बघून झालेत. माझ्या मते काकू आणि ते गृहस्थ, दोघंही खरंच बोलताहेत. फक्त दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत.

आधी काकूंचं घेऊ. तिसऱ्या दिवशी चालणं यात आता सर्जनची करामत फारशी राहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर देऊन उभं करतात. सांध्याभोवती भुलीची आणि सूज उतरवणारी औषधं टोचलेली असतात, मांडीत नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, दिलेला असतो. पेशंटला वाटतं, एवढंच दुखणं असतं होय? मग डिस्चार्ज होतो, ब्लॉकचा असर केव्हाच संपलेला असतो, आणि घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सहाव्या आठवड्यापर्यंतच्या रात्री सुरू होतात. कूस बदलली की कळ येते, झोप तुटते, गुडघा लाकडासारखा ताठ वाटतो, आणि माणूस सुनेवर, लेकावर, आमच्यावर चिडचिड करतो. हे सगळं ठरलेलं आहे, आणि त्यातून बहुतेक जण बाहेर येतात.

ऑनलाइन अभिप्राय मात्र यातल्या एकाही रात्रीचा नसतो. तो बिलाच्या काउंटरवर, कॅशलेस मंजूर झाल्याच्या आनंदात, कुणीतरी समोर क्यूआर कोड धरला म्हणून लिहिलेला असतो. "स्टाफ प्रेमळ, जेवण छान, डॉक्टर हसतमुख." खोटं काहीच नाही त्यात, पण तो नर्सिंगचा आणि भूलतज्ज्ञाचा अभिप्राय झाला. गुडघ्याचा निकाल अजून लागायचाय.

गुडघा खरा स्थिरावायला वर्ष लागतं. सूज तीन ते सहा महिने कमी-जास्त होत राहते आणि ताकद त्यानंतरही वाढत असते. म्हणून कुणाचाही अनुभव ऐकताना माझा पहिला प्रश्न असतो, "किती महिने झाले?" तीन महिन्यांच्या आतला असेल तर तो ऑपरेशनचा अनुभव. वर्षानंतरचा असेल तर गुडघ्याचा.

आता मामांच्या ओळखीतले गृहस्थ. वर्ष झालं, तरी दुखतंय. हे ऐकून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. जगभर जिथं जिथं पेशंटना पद्धतशीर विचारलं गेलं, तिथं साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो. भल्या-भल्या सर्जनच्या हातचेही यात असतात. दुसऱ्या बाजूला, सांधा टिकतो किती हे पाहिलं तर चित्र फार चांगलं आहे: २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवणाऱ्या मोठ्या नोंदवह्यांवरून आलेला अंदाज असा की पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांतले ऐंशीहून जास्त २५ वर्षांनंतरही जागेवर असतात. सर्जन "माझे रिझल्ट उत्तम" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा हा दुसरा आकडा असतो. पेशंट बोलतो पहिल्या आकड्यातून.

एक जोडी सांगते. सर्जन एकच, आठवडा एकच, बसवलेला सांधाही एकाच कंपनीचा. पहिल्या बाई माण तालुक्यातल्या, आयुष्य शेतात गेलेलं. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, एक्स-रेमध्ये हाडाला हाड घासत होतं, आणि ऑपरेशनआधी वर्षभर त्यांचं चालणं म्हणजे खाट ते न्हाणी. दुसऱ्या निवृत्त शिक्षिका. एक्स-रेमध्ये झीज मध्यम, पण दुखणं फार, आणि त्यातलं निम्मं कमरेतून पायात उतरणारं. वर्षानं मी दोघींचे गुडघे मोजले. गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, दोघींचे ११० अंशांच्या आसपास वाकत होते, दोघींचे पूर्ण सरळ होत होते. कागदावर दोन्ही गुडघे सारखेच चांगले. पहिल्या बाईंनी डॉक्टरांच्या घरी नव्या तांदळाचं पोतं पोचवलं. दुसऱ्या मला म्हणाल्या, "मला फसवलं गं यांनी."

कुणीच फसवलं नव्हतं. पण एक गोष्ट करायला हवी होती, ती झाली नव्हती: कंबर आणि खुबा नीट तपासून "यातलं किती दुखणं गुडघ्याचं आहे" हे आधी सांगणं. झीज कमी असताना केलेल्या ऑपरेशनमध्ये नाराजीचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. म्हणून अनुभव सांगणाऱ्याला दुसरा प्रश्न: "आधी तुमची काय अवस्था होती?" तुमच्या आई यातल्या कुठल्या बाईंच्या जवळ जातात ते बघा आणि त्यांच्यासारख्या पेशंटचं बोलणं जास्त मनावर घ्या. बाकीच्यांचं ऐकून सोडून द्या.

तिसरा प्रश्न काय काय करता येतं याचा, आणि तो अगदी बारीक विचारायचा. "बरं आहे ना?" विचारलं तर माणसं "बरं आहे" म्हणतात. त्यापेक्षा जिना उतरता कसा ते विचारा. एका पायापुढे दुसरा टाकत, की दर पायरीवर दोन्ही पाय ठेवत? चढण्यापेक्षा उतरण्यात गुडघ्याची खरी परीक्षा असते. हात न टेकता खुर्चीतून उठता का? रात्री दुखण्यानं जाग येते का? एसटीची पायरी चढता का? परदेशात याच धर्तीची बारा प्रश्नांची ऑक्सफर्ड गुणपत्रिका वापरतात, ४८ पैकी गुण देतात आणि ऑपरेशनआधीचे-नंतरचे गुण ताडून बघतात. आपल्याकडे चहा पिता पिता चार प्रश्न विचारले तरी बरंच कळतं.

आणि मांडी. मराठी घरातला सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथं होतो. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं, जिन्याला आणि खुर्चीला ९० च्या पुढे लागतो, आणि मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० च्या वर. बदललेले बहुतेक गुडघे ११० ते १२० वर येऊन थांबतात. काहींना मांडी जमतेही, पण बरेच सर्जन ती टाळायलाच सांगतात. सत्यनारायणाला पाटावर बसायचं, वारीत मुक्कामाला जमिनीवर टेकायचं, ही इच्छा मनात धरून जो ऑपरेशनला गेला आणि ज्याला कुणी आधी सांगितलं नाही, तो उत्तम गुडघा घेऊनही नाराज राहणार. यात एक बारकावा आहे. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज, आधी किती वाकत होता यावरून येतो. आज आईंचा गुडघा ९० वरच अडत असेल तर शेजारच्या काकूंची १२५ ची गोष्ट त्यांना लागू नाही.

काही तक्रारी सर्जनच्या नावावर उगाच चढतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा किंवा तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण चिरेच्या वाटेत त्वचेची एक बारीक नस येतेच येते. गुडघा कित्येक महिने हाताला कोमट लागतो. चालताना धातू-प्लॅस्टिकचा टक् टक् आवाज येतो. गुडघे टेकून बसलं की टोचतं. यातली कुठलीही चूक नव्हे. पण सर्जनने हे आधी सांगितलं असेल तर पेशंट मला म्हणतो, "डॉक्टर बोललेच होते." सांगितलं नसेल तर तोच पेशंट म्हणतो, "काहीतरी बिघडवून ठेवलंय." गुडघा तोच, फरक पाच मिनिटांच्या बोलण्याचा. पैशाचंही तसंच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये ठरले होते. त्याआधी याच सांध्यांची बिलं लाखाच्या पुढे जायची. आजचा दर विचारून घ्या, बिलात इम्प्लांट वेगळं दाखवलंय का बघा, आणि त्याचे स्टिकर, ज्यावर कंपनी, साइज आणि बॅच नंबर असतो, ते डिस्चार्ज कार्डाला लावून घ्या. पंधरा-वीस वर्षांनी कुणाला तो गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर त्या स्टिकरची किंमत कळते.

काही तक्रारी घरच्यांच्या प्रेमातून तयार होतात. मी पहिल्यांदा घरी जाते तेव्हा हमखास दिसणारं दृश्य: आजोबा पलंगावर, आणि ऑपरेशनच्या गुडघ्याखाली मऊ उशी. लेकीनं ठेवलेली, आजोबांना बरं वाटावं म्हणून. वाटतंही बरं, कारण किंचित वाकलेला गुडघा कमी दुखतो. पण दोन-तीन आठवडे तसाच राहिला की तो सरळ व्हायचं विसरतो, मग लंगडत चालणं आलं, कंबर दुखणं आलं, आणि "ऑपरेशन फसलं" हेही आलं. मी ती उशी काढते, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवते आणि गुडघा हवेत अधांतरी सोडते. आजोबा दहा मिनिटं मला मनातल्या मनात शिव्या देतात. वाकवायच्या मागे सगळे लागतात, सरळ करण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तेव्हा एखाद्याचा गुडघा अडकलाय असं ऐकलंत तर व्यायाम कुणी घेतला, किती दिवस घेतला, हेही विचारा. यूट्यूब बघून केला असेल तर त्याचं पाप सर्जनच्या माथी मारू नका.

आपल्याकडे हे सगळं तोंडोतोंडीच चालतं, त्यालाही कारण आहे. स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून, आणि इंग्लंड-वेल्समध्ये तर सर्जनच्या नावानिशी आकडे लोकांना बघता येतात. भारतात खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेनं २००६ पासून नोंदवही ठेवलीय, पण ती ऐच्छिक आहे आणि आपल्या डॉक्टरांचं नाव घालून काही शोधावं अशी सोय तुम्हा-आम्हाला नाही. मग एका माणसाच्या अनुभवावर गावं मत बनवतात. वाजपेयींचे गुडघे आठवत असतील. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डावा, पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते, ज्यांचा आजच्या सांध्यांच्या मूळ रचनेत हात आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं म्हातारी माणसं मला म्हणायची, "पंतप्रधानांना तरी कुठं भराभर चालता येतंय?" गुडघा त्यांचा, निर्णय यांचा.

सर्जन स्वतः कसा आहे हे ओळखायला मी काय बघते ते सांगते. तो उभं राहून काढलेला एक्स-रे मागतो की पडून काढलेल्यावर भागवतो? झोपल्यावर पायावर वजन नसतं, झीज खरी किती ते दिसत नाही. झीज एवढी उघड असताना एमआरआय करायला लावतो का? बहुतेकदा गरज नसते. पेशंटला चार पावलं चालवून बघतो का? वर्षाला किती गुडघे करतो? कमी संख्येत करणाऱ्यांकडे गुंतागुंत जास्त, हे बाहेरच्या बऱ्याच अभ्यासांत आढळलंय, त्यामुळे हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. रोबोट आहे का, हे मात्र मी शेवटी विचारेन. हाड कापण्यात अचूकता वाढते हे खरं, पण त्यामुळे पेशंट पुढे जास्त सुखी होतो असं ठामपणे म्हणण्यासारखं अजून हाती नाही. जाहिरात मात्र त्याचीच जास्त.

आणि तो तारीख पुढे ढकलतो का? हे ऐकून नवल वाटेल, पण मला आवडलेल्या एका सर्जनबद्दलचा सगळ्यात कडवट अभिप्राय याच कारणासाठी होता. ॲडमिशनची बॅग भरलेली, मुंबईहून मुलगा रजा काढून आलेला, आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर बघून ऑपरेशन रद्द केलं. शिवाय आजींना मिश्री सोडायला लावली. घरच्यांनी एक तारा दिला. साखर आटोक्यात नसताना, तंबाखू-मिश्री चालू असताना, लघवीत किंवा दातात जंतुसंसर्ग असताना सांधा बसवला तर जखम भरत नाही आणि सांध्यात जंतू जाण्याची भीती वाढते. तो एक तारा वाचून मी माझ्या मावशीला त्याच सर्जनकडे पाठवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांचं चांगलं झालं त्यांच्याकडून सर्जनबद्दल थोडंच कळतं. ज्याचं बिघडलं, त्याच्याशी सर्जन कसा वागला, तिथं खरं कळतं. गुडघा बदलल्यावर जंतुसंसर्ग साधारण शंभरात एकाला होतो, चांगल्या ठिकाणीही होतो. हजारो गुडघे करणाऱ्या कुणालाही तो चुकलेला नाही. "माझ्याकडे इन्फेक्शन होतच नाही" म्हणणाऱ्यापासून मी लांब राहते.

माझ्यासमोरचे दोन पेशंट. दोघांच्याही जखमेतून आठवडा उलटून गेल्यावर पाणी यायला लागलं. एकाच्या सर्जनने फोटो मागवला, रविवार असून त्याच दिवशी पुण्याला बोलावलं, स्वतः पट्टी सोडून बघितलं, दुसऱ्या दिवशी गुडघा उघडून धुतला आणि मधलं प्लॅस्टिक बदललं. घरचे आधी हादरले, पण सांधा वाचला. दुसऱ्याच्या मुलानं फोन केला तर सहायक म्हणाला, "होतं असं, गोळ्या चालू ठेवा." गावातल्या डॉक्टरांनी वरून आणखी अँटिबायोटिक दिलं, पाणी थांबल्यासारखं झालं, आतलं मात्र थांबलं नव्हतं. दोन महिन्यांनी सांधा काढावा लागला, मध्ये औषधाचं सिमेंट भरून ठेवलं, आणि नवा सांधा बसेपर्यंत माणूस वॉकरवर. धुऊन सांधा वाचवायची संधी पहिल्या तीन-चार आठवड्यांत सगळ्यात जास्त असते, ती गोळ्यांत गेली. यातला पहिला पेशंट आजही त्या डॉक्टरांचं नाव आदरानं घेतो, हे लक्षात घ्या. त्याला गुंतागुंत झाली होती, दोनदा भूल घ्यावी लागली होती, खर्च वाढला होता.

म्हणून अनुभव विचारताना हे हमखास विचारा: "मध्ये काही अडचण आली होती का? तेव्हा डॉक्टर स्वतः भेटले का?" मामांच्या ओळखीतल्या त्या गृहस्थांनाही विचारा, की दुखतंय म्हणून परत दाखवायला गेलात का, आणि काय झालं. नवा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या करून, प्रसंगी सुईनं सांध्यातलं पाणी काढून कारण शोधलं असेल, तर त्या सर्जनच्या बाजूनं मी एक गुण जमा करेन. "तुमच्या मनाचं आहे" म्हणून वाटेला लावलं असेल, तर काकूंच्या कौतुकासकट मी दुसरं मत घेईन. आणि सर्जनना समोरासमोर विचारा: "आईची जखम वाहायला लागली, पोटरी सुजली, ताप आला, तर रात्री फोन कुणाला करायचा?" जे उत्तर मिळेल ते नीट ऐका. पोटरीच्या सुजेचं मुद्दाम लिहिलंय, कारण शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांत असते. दम लागला तर सकाळची वाट बघायची नसते, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

राहिलं दोन्ही गुडघ्यांचं. एकदम केले की भूल एकदा, मुक्काम एक, खर्च कमी आणि मुलांच्या रजाही वाचतात. पण हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण जास्त पडतो, रक्त जास्त जातं, आणि टेकायला चांगला पाय उरत नाही. ६६ हे वय तसं आड येत नाही. हृदयविकार, दम्याचा त्रास, हाताबाहेरची साखर किंवा फार वजन यातलं काही असेल तर मी एकेक करायला सांगेन, आणि हा निर्णय सर्जनबरोबर फिजिशियनचाही असू द्या. एकेक करायचं ठरलं तर आई ज्याला जास्त दुखतं म्हणतील तो आधी.

आणि चौकशी चालूच ठेवणार असाल तर असा एखादा पेशंट शोधा, ज्यानं पहिला गुडघा याच सर्जनकडून केला आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्यासाठी पुन्हा त्यांच्याकडेच गेला. त्या सहा आठवड्यांच्या रात्री माहीत असून परत त्याच टेबलावर झोपलेला माणूस. सोसायटीत नसेल तर फिजिओथेरपिस्टला विचारा, आमच्याकडे अशांचे नंबर असतात, आणि पेशंटला विचारून आम्ही ते देतोही.